जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामोपचार : नाशिकमधील एका केंद्राच्या सेवेचे परीक्षण

कंबरदुखीसाठी व्यायाम करायचा आणि तो शिकण्यासाठी पैसेही मोजायचे, हे आपल्याकडे अजूनही अनेकांच्या गळी उतरत नाही. गोळ्या, मलम, शेकाची पिशवी, कंबरपट्टा यांवर खर्च करताना हात आखडला जात नाही. पण व्यायाम शिकवणाऱ्याची फी मात्र जिवावर येते, कारण ‘हे तर घरीही करता येईल’ असे वाटत असते. मी नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका फिजिओथेरपी केंद्रात जुनाट कंबरदुखीसाठीचा तीन महिन्यांचा व्यायाम कार्यक्रम पूर्ण केला. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्या सोडवण्याचे प्रयत्न तिथे चालू आहेत. शिवाय अशा प्रकारचा कार्यक्रम आता पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि तो घेताना काय पाहावे, हेच वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. ही सेवा घेण्याजोगी आहे. मात्र तिथे जे यंत्रांच्या खोलीत मिळते त्यासाठी जाण्यात अर्थ नाही. जे सतरंजीवर, भिंतीपाशी आणि वजनांच्या रॅकसमोर मिळते त्यासाठी जावे. कोणता व्यायाम सांगितला याला महत्त्व कमी आहे. तो सोसेल तसा वाढवत नेणारे आणि वाकण्याची भीती काढून टाकणारे माणूस समोर आहे का, यावर सारे अवलंबून आहे.

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला वैद्यकात जुनाट म्हणतात. उसण भरली, चार-सहा दिवस त्रास झाला आणि ती गेली, असे ज्यांचे होते त्यांच्यासाठी हा कार्यक्रम नाही, आणि केंद्रानेही तसे स्पष्ट सांगितले ही मला आवडलेली पहिली गोष्ट. ताज्या दुखण्यात व्यायामाची घाई करू नये, याला आधार आहे. हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर झालेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यात अंथरुणावर पडून राहिलेले आणि ठरावीक व्यायाम केलेले अशा दोन्ही गटांपेक्षा, सोसेल तेवढी रोजची कामे करत राहिलेले लोक लवकर बरे झाले होते. दुखणे मुरल्यावर चित्र बदलते. तेव्हा शरीर हालचालींना अंग चोरू लागलेले असते, स्नायूंची ताकद उतरलेली असते आणि मनात धास्ती बसलेली असते. व्यायामोपचाराचे खरे काम तिथून सुरू होते.

हे दुखणे किती पसरलेले आहे, याचाही एक आकडा इथे द्यायला हवा. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. कामातून माणसाला बसवून ठेवणाऱ्या कारणांत ती जगात पहिल्या क्रमांकावर आहे. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत अमुक एक हाड किंवा अमुक एक गादी दोषी आहे असे बोट ठेवून सांगता येत नाही. ही गोष्ट रुग्णाला आवडत नाही, आणि म्हणूनच तिला बगल देऊन ‘मणक्यात गॅप आली आहे’ असे काहीतरी ठोस वाटणारे सांगण्याचा मोह उपचार करणाऱ्यांना होतो.

पहिल्या भेटीला पाऊण तासाहून अधिक वेळ दिला गेला. पहिली पंधरा मिनिटे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला हातही लावला नाही, नुसते विचारले. दुखणे कधीपासून आहे, सकाळी उठल्यावर किती वेळ कंबर आखडलेली असते, बसल्यावर वाढते की उभे राहिल्यावर, शिंकताना कळ पायात उतरते का, रात्री झोपेतून उठवते का, वजन कमी झाले आहे का, लघवी-शौचावर ताबा नीट आहे का. शेवटचे दोन-तीन प्रश्न अनेकांना अस्थानी वाटतात, पण तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि त्यांविषयी पुढे लिहिले आहे. मग ऑस्वेस्ट्री नावाची एक प्रश्नावली भरून घेतली. तिचे दहा विभाग असतात. चालणे, बसणे, उभे राहणे, वजन उचलणे, झोप, प्रवास अशा प्रत्येक बाबतीत सहा पर्यायांपैकी एक निवडायचा असतो आणि शेवटी शंभरपैकी गुण निघतात. गुण जितके जास्त तितका दुखण्याचा अडथळा मोठा. अशी प्रश्नावली न भरता उपचार सुरू करणाऱ्या केंद्राला तीन महिन्यांनी ‘फरक पडला का?’ हे विचारण्यापलीकडे काही मोजता येणार नाही, त्यामुळे वाचकांनी हिची मागणी जरूर करावी.

त्यानंतर तपासणी झाली. उताणे झोपवून सरळ पाय वर उचलून पाहिला, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली, गुडघ्यावर आणि टाचेच्या वर हातोडीने ठोकून पाहिले, पावलांवर कापसाने स्पर्श कळतो का ते पाहिले. मग खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला लावले आणि त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून नोंदवले. शेवटी वाकून दाखवा म्हणाल्या. मी गुडघ्यांपर्यंत गेलो आणि थांबलो. ‘दुखतं म्हणून थांबलात, की दुखेल म्हणून?’ असे त्यांनी विचारले. याचे उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. दुखेल म्हणूनच थांबलो होतो.

एमआरआयचा अहवाल मी सोबत नेला होता. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी झिजली आहे आणि तिला फुगवटा आला आहे, असे त्यात लिहिले होते. हा कागद घरातल्या कपाटात जपून ठेवलेला असतो आणि पाहुण्यांनाही दाखवला जातो, इतका त्याचा धसका आपण घेतलेला असतो. मॅडमनी तो नीट वाचला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासाविषयी सांगितले. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या गादीत झीज दिसली, पन्नाशीत ते प्रमाण ८० टक्के झाले आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के. फुगवटाही पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत होता. म्हणजे माझ्या वयाच्या, धडधाकट, कसलीही तक्रार नसलेल्या दहा माणसांत सहांच्या अहवालात तेच शब्द सापडतील. ‘काका, केस पिकतात तसंच हे. पिकलेल्या केसांनी डोकं दुखत नाही ना?’ या एका वाक्याने माझे जेवढे काम केले, तेवढे आधीच्या अनेक औषधांनी केले नव्हते. अर्थात प्रत्येक अहवाल असा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. नस खरोखर दाबली जाऊन पायाची ताकद कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती तपासणीतच कळते.

आता प्रत्यक्ष व्यायामांकडे येतो. पहिल्या टप्प्यात जमिनीवरचे सौम्य प्रकार होते : हातापायांवर रांगत्या स्थितीत पाठ आलटून पालटून वर-खाली करणे, उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलून पूल करणे, रांगत्या स्थितीतच विरुद्ध हात आणि पाय लांब करणे, आणि कुशीवर झोपून कोपराच्या आधाराने शरीर फळीसारखे सरळ उचलून धरणे. यांतले शेवटचे दोन कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीसाठी निवडलेल्या तीन व्यायामांपैकी आहेत, आणि फिजिओथेरपी शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ते ठाऊक असतात. इथवर कोणत्याही केंद्रात सारखेच मिळेल. बहुतेक ठिकाणी कार्यक्रम इथेच थांबतो, हीच अडचण आहे. पूल करता येऊ लागला की घरी जा आणि रोज दहा वेळा करा, असे सांगून बोळवण होते. पण जुनाट दुखण्याचा माणूस सतरंजीवर झोपलेला असताना अडत नाही. तो बादली उचलताना, गाडी स्टँडवर घेताना, बँकेच्या रांगेत उभा असताना अडतो.

या केंद्राने पुढचा टप्पा मनापासून घेतला, आणि माझ्या मते सेवेची सगळी किंमत इथे वसूल होते. कंबरेतून वाकण्याऐवजी खुब्यातून वाकायला शिकवण्यासाठी त्यांनी एक साधी लाकडी काठी दिली. काठी पाठीमागे उभी धरायची. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. ‘तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे : डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड. गुडघे थोडे सैल सोडा आणि मागे खुर्ची आहे असं समजून सीट मागे न्या.’ पहिल्या प्रयत्नांत काठी माकडहाडापासून सुटत होती, नाहीतर डोके पुढे जात होते. समोरच्या आरशात ते दिसत होते, आणि शेजारच्या गृहस्थांचेही तेच चालले होते. जमू लागल्यावर मांड्यांच्या मागच्या शिरांवर ताण आला आणि कंबर मोकळी राहिली. हाच तो क्षण, जेव्हा वाकणे म्हणजे काय हे शरीराला कळते. नंतर काठीच्या जागी हातात वजन आले. आधी ४ किलो, मग ८, मग १२, मग १६. प्रत्येक वेळी वजन वाढवण्याआधी मागच्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती, हे विचारून वहीत लिहिले जात होते.

त्या विचारण्यामागे एक नियम होता आणि तो मला या साऱ्या कार्यक्रमातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटला. शून्य ते दहा अशा मापावर व्यायाम करताना दुखणे तीन-चारपर्यंत वाढले तर घाबरायचे नाही, थांबायचेही नाही. मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवे. तसे आले तर भार योग्य आहे. आले नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, एक पायरी खाली उतरायचे. ‘दुखलं की थांबा’ आणि ‘दुखलं तरी करा’ हे दोन्ही सल्ले आपण सगळीकडे ऐकतो आणि दोन्हींनी माणसाचे नुकसान होते. पहिल्याने तो कधीच पुढे जात नाही, दुसऱ्याने आठवडाभर आडवा होतो आणि मग व्यायामाचे नाव काढत नाही.

प्रत्येक रुग्णाला सुरुवातीला एक उद्दिष्ट लिहायला सांगतात. माझे उद्दिष्ट भरलेला गॅस सिलिंडर गॅलरीतून ओट्यापर्यंत नेणे हे होते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन धरून तो ३० किलोच्या आसपास जातो. घरात ते काम मुलाकडे गेले होते. शेवटच्या महिन्यात त्यांनी तितक्याच वजनाची रेतीची पिशवी उचलायला, ती पोटाशी धरून चालायला आणि वळून ठेवायला शिकवले. एका आजींचे उद्दिष्ट जमिनीवर बसून पोळ्या लाटणे हे होते, आणि त्यांच्यासाठी पाट-पोळपाट आणून ठेवलेला मी पाहिला. असे केंद्र रुग्णाचे आयुष्य पाहून व्यायाम ठरवते. व्यायामाच्या छापील कागदात माणसाला बसवत नाही.

व्यायामाने नेमका किती फरक पडतो, याचे उत्तर मात्र जाहिरातींपेक्षा बरेच संयमी आहे, आणि ते वाचकांनी जाणून घ्यावे असे मला तळमळीने वाटते. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. काहीच उपचार न घेणारे किंवा नेहमीचे उपचार घेणारे यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभरच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी झाले. रोजच्या हालचालींतला अडथळा सुमारे ७ गुणांनी कमी झाला, जो त्याच अभ्यासकांनी महत्त्वाचा मानलेल्या १० गुणांच्या मर्यादेहून थोडा कमीच आहे. दुष्परिणाम म्हणाल तर बहुतेक अंग दुखण्यापुरते. थोडक्यात, दहापैकी सहावर असलेले दुखणे साडेचारावर येईल, अशी ही सरासरी आहे. ‘कंबरदुखी मुळापासून नाहीशी करू’ अशी पाटी लावणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. माझ्या केंद्राने पहिल्याच दिवशी सांगितले होते की दुखणे पूर्ण जाईलच असे नाही, पण त्याच्यामुळे अडलेली कामे बऱ्यापैकी सुटतील. माझ्या बाबतीत तसेच झाले. माझे काम पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे, म्हणजे दिवसभर बसण्याचे. सकाळची आखडलेली कंबर अजूनही कधीकधी जाणवते, पण तिच्यावरून मी आता दिवसाचा अंदाज बांधत नाही. प्रश्नावलीतला माझा फरक १० गुणांहून जास्त भरला.

कोणत्या पद्धतीचा व्यायाम चांगला, यावर मात्र फार वाद आहेत आणि त्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिकेतील पॉल विल्यम्स या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये पुढे वाकण्याचे, गुडघे छातीशी घेण्याचे व्यायाम मांडले आणि ते कित्येक दशके चालले. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५०च्या दशकात याच्या बरोबर उलट दिशा धरली. पायात कळ उतरणारा त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उंच केलेल्या तपासणीच्या पलंगावर पालथा झोपून राहिला आणि उठला तेव्हा पायातली कळ गेलेली होती, असे ते सांगत. त्यातून पाठ मागे वाकवण्याच्या व्यायामांची त्यांची पद्धत उभी राहिली. आपल्या भुजंगासनाशी तिचे रूप बरेच जुळते. नंतर ऑस्ट्रेलियातून पोटाच्या आतल्या स्नायूला जागे करण्याची लाट आली आणि ‘बेंबी आत ओढून धरा’ हा मंत्र प्रत्येक जिममध्ये पोहोचला. या तिसऱ्या प्रकारावरच्या २९ चाचण्या कॉक्रेनने २०१६ मध्ये तपासल्या, तेव्हा इतर व्यायामांपेक्षा त्याचा सांगण्याजोगा जास्त लाभ दिसला नाही. माझ्या केंद्रात एका पद्धतीचा हट्ट नव्हता. ज्याला मागे वाकल्यावर बरे वाटते त्याला ते, ज्याला पुढे वाकल्यावर बरे वाटते त्याला ते, आणि नंतर दोघांनाही दोन्ही दिशा. हे मला पटले.

योगाविषयी अनेक जण विचारतील. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून आणि पुण्याची अय्यंगार संस्था गेली पन्नास वर्षे आपल्याच राज्यात असताना फिजिओथेरपिस्टकडे जायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बॉस्टनमध्ये ३२० लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तुलनेत कमी पडला नाही. त्या वर्गातली आसने कंबरदुखीसाठी निवडलेली, सौम्य आणि साधनांच्या आधाराने करायची होती, हे ध्यानात ठेवावे. जवळ असा जाणता शिक्षक असेल, जो दोरी, पट्टा, ठोकळा, लोड वापरून आसन सोपे करून देतो, तर त्याच्याकडे जावे, पैसेही कमी लागतील. सोसायटीच्या गच्चीवर चाळीस जणांना एका दमात पश्चिमोत्तानासन करायला लावणाऱ्या वर्गाबद्दल मात्र माझे हे म्हणणे नाही.

आता तक्रारी. केंद्रात शिरताच डाव्या हाताला पडदे लावलेले कप्पे आहेत. तिथे विजेच्या सौम्य प्रवाहाची पॅड लावतात, अल्ट्रासाउंडचे डोके फिरवतात आणि कंबरेला वजन लावून ताणही देतात. माझ्या पॅकेजमध्ये यांतल्या काही गोष्टी आधीच घातलेल्या होत्या आणि बिलाचा साधारण तिसरा हिस्सा त्यांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत रुग्णाला माहिती देणे आणि नियोजित व्यायाम यांची शिफारस आहे. वजन लावून ताण देणे, उपचारासाठीचे अल्ट्रासाउंड, टेन्सचा विद्युत्प्रवाह आणि कंबरपट्टे हे नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असे त्यांत म्हटले आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्येच हे सांगितले होते आणि आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या इंटरफेरेन्शियल प्रवाहाचेही नाव त्यात घेतले होते. मी हे विचारले तेव्हा मॅडमनी मोकळेपणाने सांगितले की यंत्र लावले नाही तर रुग्णाला उपचार झाल्यासारखेच वाटत नाही आणि तो पुढच्या भेटीला येत नाही. त्यांच्या अडचणीची मला जाणीव आहे. तरीही ज्या केंद्राला रुग्णाला एमआरआयचा अर्थ इतक्या समजुतीने सांगता येतो, त्याला हेही सांगता यायला हवे. मी मागणी केल्यावर यंत्रांचे पैसे वजा करून मिळाले आणि आता फक्त व्यायामाचे वेगळे पॅकेज ठेवण्याचा विचार चालू आहे, असे कळले. वाचकांनी पहिल्याच दिवशी बिलाची फोड मागावी.

दुसरी तक्रार वेळेबाबत आहे. व्यायामाची तुकडी सहा जणांची असते, ती मला आवडली. माणसे एकमेकांना पाहून शिकतात, आणि एकट्याने जी टाळाटाळ होते ती चारचौघांत होत नाही. पण संध्याकाळच्या तुकडीत कधीकधी नऊ-दहा जण घेतले जात आणि मग वजन उचलणाऱ्यांकडे लक्ष द्यायला एकच शिकाऊ मुलगी उरे. ती मन लावून काम करत होती; तरीही १६ किलो उचलणाऱ्या आणि पहिल्यांदाच पूल करणाऱ्या दोन माणसांकडे एकाच वेळी पाहणे कुणालाच जमणार नाही. सकाळी सातची तुकडी शांत असते. शक्य असेल त्यांनी ती घ्यावी. सकाळी डबे करणाऱ्या बायकांना मात्र ती सोयीची नाही आणि दुपारी अकरा ते चार केंद्र बंद असते, म्हणजे ज्यांना या उपचाराची मोठी गरज आहे त्यांचीच वेळ सापडत नाही. हा बदल केंद्राने तातडीने करावा.

खर्चाचे म्हणाल तर एका तुकडीतल्या भेटीचे ४०० रुपये आणि स्वतंत्र भेटीचे ७०० रुपये पडले. बऱ्याच आरोग्य विम्यांत रुग्णालयात दाखल न होता घेतलेली फिजिओथेरपी बसत नाही, त्यामुळे खिशातूनच द्यावे लागतात. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्यात एकदा आणि तिसऱ्यात पंधरवड्याने एकदा अशी भेटींची विरळ होत जाणारी आखणी त्यांनीच केली होती. हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. रोज या, महिनाभर या, मग पाहू, असे सांगणाऱ्या ठिकाणी रुग्ण बरा होण्यात कुणाला रस आहे याची शंका घ्यायला जागा आहे. आणखी एक गोष्ट पाहावी : उपचार करणाऱ्याने फिजिओथेरपीची पदवी घेतलेली आहे का आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते. नसेल तर विचारावे, त्यात संकोच कसला.

घरच्या व्यायामासाठी त्यांनी चारच प्रकार दिले, वीस मिनिटांत होणारे, आणि आठवड्यातून तीन दिवस. उरलेल्या दिवशी चालणे. चालण्यावर त्यांचा मोठा भर होता आणि त्याला अलीकडचा चांगला आधारही आहे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला शिकवले, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना दुखणे परत येईपर्यंत २०८ दिवस गेले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यात हा काळ ११२ दिवसांचा होता. बिनखर्ची आणि कुणालाही जमणाऱ्या गोष्टीचा असा परिणाम क्वचितच पाहायला मिळतो. गोदाकाठी किंवा सोमेश्वरच्या रस्त्याला सकाळी जी गर्दी असते, तिच्यातल्या अनेकांना आपण नेमके हेच औषध घेत आहोत याची कल्पना नसेल.

पहिल्या भेटीतल्या त्या अस्थानी वाटणाऱ्या प्रश्नांकडे आता वळतो. कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी आणि जांघेत बधिरपणा येणे, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, पडल्यावर सुरू झालेले दुखणे, विशेषतः उतारवयात, यांसाठीही आधी डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही दुर्मीळ नाही, हे विसरून चालत नाही. चाळिशीच्या आत सुरू झालेली, पहाटे जास्त आखडणारी आणि हालचालीने मोकळी होणारी कंबर असेल तर संधिवातज्ज्ञांचे मत घ्यावे. माझ्या तुकडीतल्या एका तरुणाला याच कारणाने दुसऱ्या भेटीतच संधिवातज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. पैसे भरलेला रुग्ण परत पाठवायला धीर लागतो आणि तो या केंद्राने दाखवला.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक पान लिहून दिले. दुखणे पुन्हा उसळले तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचे, ते त्यावर आहे : झोपून राहायचे नाही, वजने निम्म्यावर आणायची, चालणे थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा करायचे, हवा असल्यास शेक घ्यायचा, आणि आठवड्यात मूळ भारावर परत यायचे. खाली केंद्राचा फोन नंबर आणि दोन ओळींत ‘कधी फोन करावा’ हेही आहे. दिवाळीच्या साफसफाईत माझी कंबर धरली, तेव्हा मी त्या पानाप्रमाणे केले आणि फोन करायची वेळ आली नाही.